वेदीवर आपण काय ठेवतो?



दृढीकरण संस्काराच्या तयारीचा वर्ग घेत असताना एकदा एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, देवाला आपल्या स्तुतीची एवढी काय गरज आहे? दर रविवारी आपण त्याला तू महान आहेस, तू पवित्र आहेस असे सांगतो. त्याला ते ठाऊक नाही का?" वर्गात हशा पिकला. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्या प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवत आहे.

प्रश्न उद्धट मुळीच नव्हता. पवित्र शास्त्रालाही तो ठाऊक आहे. ५०व्या स्तोत्रात देव आपल्या लोकांना जवळजवळ सुनावतोच, की रानातले सगळे प्राणी माझे आहेत, मला भूक लागली तरी ते मी तुम्हांला सांगायला येणार नाही. मिस्साग्रंथातल्या एका प्रास्ताविक प्रार्थनेत तर धर्मगुरू आपल्या सर्वांच्या वतीने हे उघड कबूल करतात, की देवाला आमच्या स्तुतीची गरज नाही, तिने त्याच्या थोरवीत भर पडत नाही, त्याचे आभार मानावेसे वाटणे हीसुद्धा त्यानेच दिलेली देणगी आहे आणि लाभ होतो तो आमचा. ही प्रार्थना आपण कित्येकदा ऐकली असेल. लक्ष देऊन ऐकली असती तर मला वर्गात गप्प बसावे लागले नसते.

आगेऱ्याला आपण भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतो. पाऊस आपण पाडलेला नसतो, दाण्यात दूध आपण भरलेले नसते. तरी ती लोंबी हातात धरून वेदीपर्यंत चालत जाताना शेतकऱ्याला एक गोष्ट उमगते, की घरी कणगीत जे आहे तेही आपल्या एकट्याचे नाही. लोंबी नेली नसती तर देवाचे काही अडले नसते. आपण मात्र कणगीचे मालक होऊन बसलो असतो. उपासनेचा पहिला अर्थ मला इथे सापडतो. देव देव आहे आणि आपण त्याची लेकरे आहोत, हे आठवड्यातून एकदा तरी शरीराने, पायांनी, गुडघ्यांनी कबूल करायचे. नुसते मनात म्हटलेले माणूस सोमवारी सकाळी विसरतो.

पण उपासना इथे संपत नाही. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक रविवारी नेमके काय करत होते याचे एक वर्णन आपल्यापर्यंत पोहोचले आहे. संत जस्टिन हे मूळचे शोमरोन प्रदेशातील, आज ज्याला नाब्लुस म्हणतात त्या गावचे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करता करता ते ख्रिस्ताकडे आले. रोममध्ये इ. स. १५५च्या सुमारास त्यांनी सम्राट अँटोनिनस पायस याला ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन करणारे एक निवेदन लिहिले. ख्रिस्ती लोक चोरून जमतात आणि काहीतरी अघोरी करतात अशी अफवा होती. तेव्हा आम्ही काय करतो ते ऐका, अशा सरळपणाने त्यांनी सगळे सांगितले.

सूर्याच्या म्हटल्या जाणाऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, शहरातले आणि खेड्यातले सर्वजण एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. वाचन झाल्यावर अध्यक्षस्थानी असलेला त्यावर बोध करतो. मग सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, आभाराची प्रार्थना होते, लोक 'आमेन' म्हणतात आणि प्रसाद वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी उपधर्मगुरू तो घरी घेऊन जातात. ज्यांना शक्य आहे ते आपापल्या मर्जीने दान देतात. त्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे लोक यांची काळजी घेतली जाते. आणखी एक गोष्ट जस्टिन सांगतात. प्रार्थना संपल्यावर आणि भाकर-द्राक्षारस आणण्यापूर्वी सगळे एकमेकांना शांतीचे चुंबन देतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

सुमारे १,८७० वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. भाषा बदलली, इमारती बदलल्या, पण रविवारी सकाळी आपण जे करतो ते हेच आहे. आपण एखादा कार्यक्रम बघायला जात नाही, एका फार लांब रांगेत जाऊन उभे राहतो. स्वतः जस्टिन इ. स. १६५च्या सुमारास रोममध्येच रक्तसाक्षी झाले.

आता अर्पणविधीकडे वळू. या वेळी बहुतेकांचे लक्ष दानपेटीकडे किंवा पाकिटाकडे असते. गायनमंडळ गात असते, लहान मुले कंटाळलेली असतात. तेवढ्यात वेदीवर एक छोटी गोष्ट घडते आणि ती आपल्या नजरेतून सुटते. धर्मगुरू चषकातील द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब टाकतात. तो कशासाठी? प्राचीन काळी द्राक्षारस पाणी मिसळूनच पीत, हे एक कारण. पण कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी इ. स. २५३च्या सुमारास एका पत्रात त्याचा गहन अर्थ उलगडून सांगितला. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पाणी म्हणजे आपण लोक. नुसता द्राक्षारस अर्पण केला तर ख्रिस्त आपल्याविना राहतो. नुसते पाणी अर्पण केले तर आपण ख्रिस्ताविना राहतो. एकदा मिसळल्यावर मात्र ते दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

तो थेंब म्हणजे आपण. केवढासा असतो तो! पण मिस्साबलिदानात पित्याला जे अर्पण केले जाते त्यात तो असतो. ख्रिस्ताने क्रुसावर एकदाच आणि कायमचे अर्पण केले. त्यात आपल्याला सामावून घेण्यासाठी तो रविवारी बोलावतो. म्हणूनच संत पौल रोमकरांना सांगतात, की तुमची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या, हीच तुमची खरी उपासना (रोम १२:१). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात प्रापंचिकांसाठी याची यादीच दिली आहे (परिच्छेद ३४). त्यात आपली कामे आहेत, प्रार्थना आहेत, संसार आहे, रोजचे कष्ट आहेत, मनाची आणि शरीराची विश्रांतीसुद्धा आहे. जीवनातले त्रास धीराने सोसले तर तेही आहेत. हे सर्व मिस्सामध्ये प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला अर्पण होते, असे परिषद म्हणते.

म्हणजे पहाटेची विरार लोकल, तिच्यात खांद्याला खांदा लावून उभ्याने केलेला प्रवास, वाडीतले पाणी काढणे, म्हाताऱ्या सासूचे अंथरूण बदलणे, मुलाच्या फीची जुळवाजुळव, हे सगळे त्या ताटलीत ठेवता येते. मिस्साहून परतताना आपण एकमेकांना विचारतो, "आज प्रवचन कसे झाले? गाणी बरी होती का?" प्रश्न वाईट नाहीत. पण "आज मी तिथे काय ठेवले?" असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. चर्चच्या व्हरांड्यात उभे राहून प्रवचन संपण्याची वाट पाहणाऱ्यांना मी दोष देणार नाही, तरुणपणी मीही तिथेच उभा असे. फक्त एवढेच सांगतो, की तिथून तो थेंब दिसत नाही.

माझी आजी लॅटिन मिस्साच्या काळातली. मिस्साभर ती रोझरीचे मणी ओढत असे. एक अक्षर समजत नसे. परिषदेने ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात भाविकांनी उपासनेत जाणीवपूर्वक व सक्रिय भाग घ्यावा असे सांगितले आणि पुढे मिस्सा मराठीत आली, हे मोठेच वरदान आहे. पण आजीने त्या मण्यांबरोबर वेदीवर काय काय ठेवले असेल याचा विचार केला, की सगळे शब्द समजणारा मी थोडा ओशाळतो.

मिस्सा मोबाईलवर दिसू लागल्यापासून काहीजण विचारतात, घरी बसून पाहिली तर काय बिघडले? आजारी माणसाला ती मोठा आधार आहे, यात शंका नाही. बाकीच्यांसाठी मी उत्तर आफ्रिकेतील अबितिने या गावाची हकिगत सांगतो. इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांच्या सभांवर बंदी घातली आणि पवित्र ग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले. तरीही ३०४ साली अबितिनेचे लोक सातुर्निनुस नावाच्या धर्मगुरूंबरोबर जमत राहिले. त्यांना पकडून कार्थेजला नेण्यात आले. ते एकूण ४९ जण होते. एमेरितुस नावाच्या माणसाच्या घरात ही उपासना होत असे. न्यायाधीशाने त्याला विचारले, तू यांना घरात का येऊ दिलेस? त्याने सांगितले, की ते माझे भाऊ आहेत, मी त्यांना अडवू शकत नव्हतो. न्यायाधीश म्हणाला, अडवायला हवे होते. त्यावर एमेरितुसचे उत्तर असे होते, की प्रभूच्या त्या विधीशिवाय आम्ही जगूच शकत नाही.

पुष्कळजण या गोष्टीतले दुसरे उत्तर सांगतात आणि ते थोरच आहे. मला मात्र पहिले उत्तर बोचते. ते माझे भाऊ आहेत.

आता शांतीच्या त्या गोष्टीकडे येऊ. प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात म्हणतो, की तू आपले दान वेदीजवळ आणलेस आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन दान दे (मत्तय ५:२३-२४). दोन बारकावे पाहा. ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेममध्ये होती. तीन-चार दिवस पायी चालून गेलेल्या माणसाला येशू सांगतोय, दान ठेव आणि तसाच माघारी जा. दुसरे असे, की तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. चूक त्याची, मग पहिल्यांदा त्यानेच यावे, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

पहिल्या पिढ्यांनी हे शब्दशः घेतले. 'बारा प्रेषितांची शिकवण' या अतिप्राचीन पुस्तकात रविवारच्या उपासनेचा नियम दिला आहे. त्यात म्हटले आहे, की ज्यांचे भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत मंडळीत मिसळू नये, नाहीतर अर्पण विटाळेल. जस्टिनच्या वर्णनात शांतीचे चुंबन अर्पणाच्या आधी येते त्याचा अर्थ आता ध्यानात येईल. आपल्या रोमन विधीत ते ख्रिस्तप्रसादाच्या आधी आले आहे. १९६९ साली रोमने भारतीय ख्रिस्तसभेला उपासनेसंबंधी ज्या बारा गोष्टींची परवानगी दिली, तिच्यानुसार आपण हात जोडून शांती देतो. हात जोडणे सोपे आहे. वाईट इतकेच, की हात जोडताना कोणत्या बाजूला वळायचे ते आपण ठरवू शकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वडील वारल्यानंतर वाडीच्या बांधावरून माझे आणि थोरल्या भावाचे बिनसले. दोन केळी लावता येतील एवढी जागा. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोघेही दर रविवारी मिस्साला येत होतो. तो उजव्या रांगेत, मी डाव्या. शांतीच्या वेळी मी न चुकता डावीकडे वळून हात जोडत असे. त्या अकरा वर्षांत मी मुलांना धर्मशिक्षण देत होतो आणि मत्तयचा पाचवा अध्याय दरवर्षी शिकवत होतो. बायबलमधली अर्पणाची पहिलीच गोष्ट दोन भावांची आहे, काईन आणि हाबेल यांची, आणि तिचा शेवट शेतात होतो, हेही मी फळ्यावर लिहून दिले होते. मुलांपैकी काहींना आमच्या घरची कथा ठाऊक असणारच. वसईत कोणाचा बांध लपून राहत नाही.

मार्च २०२० मध्ये चर्चेस बंद झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते, ते आपण सर्वांनी पाहिले. आम्ही घरी मोबाईलवर मिस्सा पाहू लागलो. एका रविवारी उकाड्यामुळे खिडक्या उघड्या होत्या. आमच्या आणि दादाच्या घरामध्ये फक्त बावखल आहे. फादरांनी एकमेकांना शांती द्या असे म्हटले, मी आणि पत्नीने हात जोडले, आणि पाच-सात सेकंदांनी तेच शब्द, त्याच आवाजात, बावखलापलीकडून ऐकू आले. त्यांचा मोबाईल थोडा मागे चालत होता. मी डावीकडे वळू शकलो नाही. डावीकडे भिंत होती.

लगेच उठून गेलो, असे लिहायला आवडले असते. गेलो नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यातली प्रार्थनास्थळे उघडायची परवानगी मिळाली. चर्च उघडणार असे कळले, त्या शनिवारी संध्याकाळी बावखलाच्या कडेने चालत गेलो. वहिनींनी दार उघडले. दादा ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "ये. चहा घेणार?" मी घेतला. त्या संध्याकाळी बांधाचा विषय निघाला नाही. नंतर निघाला, आणि अजून मोजणी व्हायची आहे. दादाचे म्हणणे वेगळे, माझे वेगळे. पण शांतीच्या वेळी मला आता उजवीकडे वळता येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चुकीचा अर्थ घेतला जाईल. समेट दोघांचा असतो आणि दुसरा दार उघडेलच असे नाही. काही घरांत दुखापत इतकी खोल असते, की जवळ जाणेच धोक्याचे ठरते, विशेषतः जिथे मारहाण झालेली आहे. पौलही आपल्याकडून होईल तितके असेच म्हणतात (रोम १२:१८). अशा व्यक्तीने मिस्साला येऊ नये असे कोणी समजू नये. तिने आपली जखमच वेदीवर आणावी आणि धर्मगुरूंशी बोलावे. आमच्या घरात मात्र तसे काही नव्हते. होता तो हट्ट.

त्या मुलाला मी आता काय सांगितले असते? देवाला गरज नाही, हे तुझे म्हणणे बरोबर आहे, इथून सुरुवात केली असती. मग त्याला अर्पणविधीच्या वेळी पहिल्या बाकावर नेऊन तो थेंब दाखवला असता.

शेवटी, जस्टिनने लिहिलेल्या एका गोष्टीविषयी, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली आणि गुडघ्यांमुळे घराबाहेर पडू न शकणारी बरीच वडीलधारी माणसे आहेत. कोणाला ख्रिस्तप्रसाद घरी हवा आहे हे सगळ्यांचे कळतेच असे नाही, कारण कित्येकदा फादरांना कशाला त्रास, असे म्हणून घरचेच गप्प राहतात. त्रास नाही, पहिल्या शतकांपासूनची रीत आहे. आपल्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल तर त्यांचे नाव सॅक्रिस्टीत किंवा आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाकडे द्यावे. शेजारी बोलत नसले तरी चालेल, नाव आपण देऊ शकता.